निको, 58

काल बाजाराचा दिवस, वेचणीचे पैसे द्यायचे होते. बाबांनी वही उलटी धरली आणि मागचंच पान उघडलं.

"हा निको कोन हाय रे? एका दिवसात 58?"

आमच्या वावरात 58 किलो कापूस आजवर कोणी वेचला नाही. हसू आवरून सांगितलं, बाबा, हे किलो नाहीत, दशलक्ष युरो. निको विल्यम्स हा स्पेनचा फुटबॉलपटू, 2024 मध्ये त्याला बिल्बाओच्या क्लबकडून सोडवून आणायला एवढे भरावे लागले असते. बार्सिलोना क्लबच्या उजव्या बाजूला यमाल आहे, डावीकडेही तसाच पळणारा तरणा पोरगा पाहिजे, म्हणून लिहून ठेवतो.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. निकोवर काट. त्यानं जुलै 2025 मध्ये घरच्याच क्लबशी 2035 पर्यंत करार केला. "गाव नाई सोडलं म्हना," बाबा खूश. ब्राझीलच्या एस्तेव्हाओवर काट. इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं तो 17 चा असतानाच ठरवला आणि 18 पूर्ण होईस्तोवर ब्राझीलमध्येच राहू दिला. गोऱ्हा हेरून इसार द्यावा आणि दावणीला नंतर बांधावा, हा व्यवहार बाबांना लगेच कळला.

मग बोट थांबलं. "लुईस डियाझ, 28. म्हातारा. नको."

"तूबी 28 चाच ना रे?"

आणि ते पैसे मोजायला लागले.

रात्री झोप नाही. म्हातारा हा शब्द माझाच, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेला. विंगरचं, म्हणजे कडेनं पळणाऱ्या खेळाडूचं, असंच असतं, मी स्वतःला समजावतो. त्याचं सगळं पहिल्या चार पावलांत. तेवढी मंदावली की बॅक, म्हणजे समोरचा बचावपटू, त्याला गाठतो. म्हणून क्लब पाय विकत घेताना वय आधी बघतात. हे सगळं खरं. पण मला काय कोणी विकत घेणार होतं? अकरा वर्षांपूर्वी नागपूरला चाचणीला गेलो होतो, एस्टीनं, उसन्या बुटांत. दोनदा पळवलं, कागदावर नाव लिहिलं. नावापुढं आणखी काहीतरी लिहिलं, ते मला दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं की... जाऊ द्या.

मीही गाव सोडलं नाही. पण मला कोणी 58 देतही नव्हतं, तेव्हा त्यात निकोसारखं काही नाही.

मजा बघा. ज्या डियाझला मी नको म्हटलं, त्याला जर्मनीच्या बायर्ननं त्याच जुलैत लिव्हरपूलकडून चांगले पैसे मोजून नेलं. आणि ज्या बार्सासाठी मी तरणी पोरं हेरत बसलो, त्यांनी डावीकडे आणला कोण? रॅशफर्ड. माझ्याच सालचा, 1997 चा. तोही विकत नाही, उसना! सकाळी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उसना बैल बरा असते. हंगाम काढून परत."

आज दोन बाया आल्या नाहीत, म्हणून मीच ओटी बांधली. दिवसभर वाकून वाकून कंबरेचा पार खुळखुळा झाला. संध्याकाळी बाबांनी काट्याला लावलं आणि वहीत मांडलं. मी हळूच डोकावलो. नावापुढं नुसतं 23. शेरा काही नाही.

खालच्या ओळीत मावशी, 47. त्या साठीच्या आहेत.