अकरा वार

श्रावणातला पहिला सोमवार, रात्रीचे साडेदहा

आज नऊ इंच विणून झालं. दिवसभर हवा इतकी दमट होती की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, हाताला जड लागत होता, दुपारी लाइट गेली तेव्हा खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात विणत होते, त्यात उपास. पण बसले, कारण घटस्थापनेच्या आधी आठ दिवस साडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा शब्द दिलाय आणि अजून साडेपाच वार बाकी आहे.

ही साडी गडावरची आहे. वणीच्या सप्तशृंगीला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण, हे आमच्या नाशिक जिल्ह्यात लहान पोराला पण माहीत असतं. सिन्नरकडच्या एका घराने नवस बोललेला, मुलीचं मोठं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून सप्तशृंगी आईला हातमागाची पैठणी. खण त्यांनी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे आणून ठेवलेत, साडी आमच्याकडे दिली. लग्न होऊन येवल्यात आले त्याला एकोणीस वर्षं झाली, त्यातली चौदा वर्षं मी स्वतः मागावर बसते, पण इतक्या लांबीचं एक वस्त्र पहिल्यांदाच विणतेय. आमच्या फणीवर, म्हणजे धागा ठोकून बसवायच्या कंगव्यासारख्या चौकटीवर, आणि माझ्या हाताच्या ठोक्याला इंचाला साधारण ७० आडवे धागे बसतात. अकरा वार म्हणजे ३९६ इंच. परवा लेकीने मोबाईलवर गुणाकार करून दाखवला, २७,७२० वेळा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाणार. आकडा ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसले.

ऑर्डर घेतली तेव्हा चैत्र होता, आणि सूत घ्यायच्या आधी आम्ही दोघं गडावर जाऊन आलो. दर्शन तर होतंच पण मला बघायचं होतं की साडी अंगावर बसते कशी. मूर्ती आठ फूट उंच, अठरा हात, आणि डोंगराच्या खडकातच कोरलेली, म्हणजे आईची पाठ डोंगरातच आहे. २०२२ ला शेंदराचा जुना थर काढला तेव्हापासून रूप किती रेखीव दिसतं. मी रांगेत उभी राहून हात जोडले आणि डोळे मात्र काठावर. आपण बाईसाठी विणतो तेव्हा ती चालणार, बसणार, पाठीवर पदर सोडणार असं सगळं डोक्यात असतं. इथं सगळं समोरूनच दिसणार आणि तेही लांबून, रेलिंगच्या अलीकडून. त्या लोकांना मुनियाचा काठ हवा होता, बारीक पोपटांचा, फार सुंदर दिसतो हातात घेतला की, पण दहा-पंधरा फुटांवरून ती नुसती हिरवी रेघ दिसते. मी त्यांना समजावलं की काठ नारळी घ्या, रुंद घ्या, आणि पदरावर बारीक वेल नको, बांगडी मोर घेऊ, मोठे. ऐकलं त्यांनी. पदर आधीच विणून झालाय, सव्वा महिना गेला त्यात, एकेका ओळीला तीस-बत्तीस तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या, फिरवायच्या, मोराच्या मानेचा निळा संपतो तिथे जरी गुंतवायची, परत पुढचा मोर. उलटा करून बघितला तरी तसाच दिसतो, मागे एक धागा लोंबत नाही.

आता मनातलं एक लिहूनच टाकते. दुकानात लोक येतात, घरच्या लग्नाला दाखवा म्हणतात तेव्हा जरी खरी का, रेशीम प्युअर का, दहा प्रश्न. आणि त्याच बिलात देवीच्या ओटीची घ्यायची असली की "ती साधीच द्या हो, देवीलाच तर वाहायचीय". मला हे दरवेळी लागतं. ऐपत नसेल तर सुताचं लुगडं वाहा, खणाचा तुकडा वाहा, अगदी हळदीकुंकू वाहा, आईला काही कमी नाही. पण स्वतःसाठी एक आणि तिच्यासाठी पॉलिस्टर, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. या सिन्नरच्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, जरी काळी तर नाही पडणार? मी सरळ सांगितलं की खरी जरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, आणि टेस्टेड जरीत आत तांबं असतं, ती आज ना उद्या काळवंडते. त्यांनी काठाला टेस्टेड आणि पदराला खरी घेतली. मला ते बरोबर वाटलं, पैसे जिथे नजर जाते तिथे गेले.

ज्येष्ठात मात्र जीव टांगणीला लागला होता. अंगाचा रंग कुंकवासारखा लाल, काठ राघू, म्हणजे पोपटी हिरवा. लाल बाणा, म्हणजे आडवा धागा, रंगून आला, दिसायला दृष्ट लागावी असा, पण माझी सवय आहे, कुठलाही लाल आला की एक लड ओली करून पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवायची. सकाळी फडकं गुलाबी. आधी कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर साबणाच्या पाण्यात उकळून काढतात, त्यात वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरतं, मग रंग, मग धुणं. यात कुठेतरी घाई झाली होती. ज्यांनी रंगवलं ते म्हणाले की ताई, रेशमी साडी कोण धुतंय, ड्रायक्लीनला जाईल. अहो पण ही कपाटात नाही जाणार. देवाचं वस्त्र अभिषेक झालेल्या ओलसर दगडावर चढतं, त्याला कुंकू लागतं, हाराचं पाणी लागतं, हा लाल त्या हिरव्या काठात उतरला असता तर? माल परत केला, दुसरीकडून रंगवून घेतला, बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत आमची पैशाची पण ओढाताण झाली, आमचे हे घरात काही बोलले नाहीत पण मला कळत होतं.

त्याच दिवसांत सांधणी केली. जुन्या ताण्याचं प्रत्येक टोक नव्या ताण्याच्या टोकाला पिळून जोडायचं, गाठ मारायची नाही, गाठ फणीतून जात नाही. अंगठा आणि पहिलं बोट, बोटाला चिमूटभर राख, दोन्ही तारा एकत्र धरायच्या, एक पीळ पुढे, मग मोडून एक पीळ मागे. हजारो तारा. एक चुकली तर पूर्ण साडीभर ती चूक उभी दिसणार. पूर्वी हे काम आमच्या आत्याबाई करायच्या, आता मोतीबिंदूनंतर त्यांना तार दिसत नाही, पण शेजारी बसून राहतात आणि राख संपली की हात पुढे करून वाटी भरून आणतात. त्यांचे सासरे पीतांबर आणि मुकटे विणायचे, सोवळ्यासाठी. तेव्हा घरोघरी एक तरी रेशमी सोवळं असायचं, सुती धोतराला रोज धुऊन, कुणी शिवणार नाही असं वाळत घालावं लागायचं, रेशमाला ते लागत नाही, म्हणून श्राद्धाला, पूजेला, सणाच्या स्वयंपाकाला तेच. आता भटजी पण रेडिमेड सोवळं नेसतात, वेल्क्रोचं.

लेक नववीत आहे. मागच्या आठवड्यात बाजूला बसून कांड्या भरत होती आणि म्हणाली, "मम्मी, किडे उकळून मारतात ना रेशमासाठी, मग ते सोवळं कसं?" आत्याबाई लगेच म्हणाल्या की अगं असं बोलू नये. मी म्हटलं, बोलू दे. खरं आहे ते. कोष गरम पाण्यात घालतात कारण किडा पतंग होऊन बाहेर आला तर कोष फुटतो, आणि मग ती आठशे-हजार मीटरची सलग तार मिळत नाही, तुकडे मिळतात. ते तुकडे कातून मटका रेशीम होतं. दोन वर्षांपूर्वी एका जैन कुटुंबासाठी मी मटक्याच्या बाण्याचा शेला विणला होता, जाड, गाठीगाठीचा, चकाकी कमी, पण हाताला ऊबदार. तसलं मी पुन्हा विणेन, कुणी मागितलं तर आनंदाने विणेन. पण पैठणीचा पदर त्या सुतावर उभा राहत नाही. लेकीला मी एवढंच सांगितलं की आपल्या हातात आलेली तार वाया घालवायची नाही, तुटली तर जोडायची, फेकायची नाही. तिला उत्तर पुरलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही पूर्ण पुरत नाही. माग सुरू करताना मी फणीला हात लावून नमस्कार करते, त्यात ते जीव पण येतात, निदान माझ्या मनात येतात.

डिसेंबर २०२३ ला पुण्यात रामलल्लाच्या वस्त्रासाठी लोकांनी रांगा लावून दोन-दोन धागे विणले होते, माझी नणंद जाऊन आली. फोनवर सांगत होती की वहिनी, पाय पावडीवर, मागाच्या पायपट्टीवर, ठेवला आणि कुठला दाबायचा तेच कळेना, दोन धाग्यांत हात थरथरले माझे. साळ्याच्या घरात जन्मलेली बाई, पण मागावर पहिल्यांदा बसली ती तिथे. तिच्या आवाजात रडू होतं. आम्हा साळ्यांचे मूळपुरुष जिव्हेश्वर यांनी देवांसाठीच पहिलं वस्त्र विणलं असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण ते खरं वाटायला बहुतेक एकदा पाय पावडीवर पडावा लागतो. आता शुद्ध त्रयोदशीला त्यांची जयंती येतेय, त्या दिवशी माग बंद, म्हणजे अजून एक दिवस कमी.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आत्याबाई रोजच्यासारख्या मागाशी आल्या. डोळ्यांनी नाही दिसत म्हणून आजचं विणलेलं बोटांनी बघतात, काठापासून काठापर्यंत, सावकाश. मध्ये एका जागी थांबल्या, परत मागे गेल्या.

"इथं ठोका हलका पडलाय गं."

मी बॅटरी लावून बघितलं, मला काही दिसेना. मग कापड उजेडासमोर धरलं तर चार बोटं पट्टा जरा विरळ. दुपारी लाइट गेली होती तोच वेळ. साडी बसवताना पुजारी टाचण्या लावतात, विरळ जागी टाचणी लागली की रेशीम सरकतं आणि भोक पडतं, ते मग वाढतच जातं. म्हटलं, आत्याबाई, त्याच्यापुढचं पण सगळं काढावं लागेल. म्हणाल्या, "काढ की. सकाळी काढ, आता डोळे दमलेत तुझे."

तर उद्या उठून आधी पाच इंच मागे घ्यायचंय.