तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीलंकेत कुठलं जंगल धरू, आणि तिथलं ‘याला’ (Yala) नावाचं पार्क का नको म्हणते

"ताई, श्रीलंकेला निघालोय, सफारीला एकाच पार्कात जायला जमतंय, कुठलं धरू?" हा पहिला प्रश्न. मी काहीतरी सांगते आणि लगेच दुसरा येतो, "पण याला पार्क का नाही? सगळे तर तिथंच जातात." हा दुसरा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेत काउंटरच्या पलीकडून विचारलाय, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलाय, आणि दरवेळी उत्तर अर्धं राहतं कारण पूर्ण ऐकायला तेवढा वेळ कुणालाच नसतो. मग त्या अर्ध्या उत्तरावरून लोक ठरवून टाकतात की हिला तिथं बिबट्या दिसला नसणार, म्हणून नावं ठेवते. दिसला. अगदी जवळून दिसला. आता एकदाच नीट लिहिते, पुढं कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी महिना सांगत जा. लोक पार्कचं नाव विचारतात आणि महिना सांगतच नाहीत, तिकीट काढून झालेलं असतं आणि मग "तिथं हत्ती जमतात ना?" म्हणून विचारतात. त्या एवढ्याशा बेटावर दोन मान्सून आहेत, दोन वेगळ्या बाजूंनी येतात, त्यामुळं एका टोकाला पाऊस असताना दुसऱ्या टोकाला जमीन भेगाळलेली असते.

मे महिन्यात जाणार असाल तर उदावलवे नाहीतर विल्पत्तू. मेमध्ये कोलंबो, गॉल आणि डोंगरातला भाग नैऋत्य पावसात भिजायला लागतो, पण ही दोन्ही पार्कं कोरड्या पट्ट्यात येतात. विल्पत्तू त्या देशातलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, १३१७ चौरस किलोमीटर, अनुराधापुरापासून जवळ. युद्धाच्या काळात कितीतरी वर्षं बंद होतं, २०१० पासून परत नीट सुरू झालं. तिथं विल्लू म्हणतात ती नैसर्गिक तळी आहेत, पावसाच्या पाण्यानं भरतात, भोवती वाळू आणि गवत, आणि मधले रस्ते गच्च झाडीतून जातात. बिबटे तिथंही आहेत. पण जंगल मोठं आणि दाट, जीपा पांगतात, तासन् तास काहीच दिसत नाही असंही होतं, त्यामुळं घाईच्या माणसाला मी विल्पत्तू सांगत नाही. मे-जूनच्या सुमाराला तिथं पालूची झाडं फळतात, पालू म्हणजे आपली खिरणीच, आणि ती खायला अस्वलं झाडावर चढतात. ज्यानं लहानपणी रानात खिरण्या खाल्ल्यात त्यानं हे एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमत असेल तर मिन्नेरिया. (बहुतेक वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, बायकांना त्या दिवसांत घर सोडता येत नाही, म्हणून मी ऑगस्टच धरा म्हणते.) सुमारे सतराशे वर्षांपूर्वी महासेन राजानं बांधलेला तलाव आहे तो, आजही त्याचं पाणी भातशेतीला जातं. पाणी सोडत गेले की तलाव आक्रसतो आणि उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर कोवळं गवत येतं, ते खायला आजूबाजूच्या जंगलातले दोन-तीनशे हत्ती एका ठिकाणी येतात. जायकवाडी, माजलगावच्या काठच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, आपण धरण उतरलं की गाळपेर करतो, तिथं हत्ती करतात. पण यातही अट आहे. अलीकडं मोरगहकंद धरणाचं पाणी या तलावात सोडतात, त्यामुळं काही वर्षी कोरड्या दिवसांतही तलाव उतरतच नाही, गवत पाण्याखालीच राहतं आणि हत्ती दुसरीकडं जातात. म्हणून हबरणा गावात उतरा, आदल्या दिवशी तिथल्याच माणसांना विचारा की हत्ती सध्या मिन्नेरियात आहेत, की शेजारच्या कौडुल्ला नाहीतर हुरुलूच्या जंगलात, आणि ते सांगतील तिथं जा. घरी बसून पार्क बुक करून जाऊ नका.

दिवाळीत मात्र मिन्नेरियाचा हट्ट धरू नका, तोवर ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो आणि कळप पांगतात. दिवाळीला उदावलवेच. पक्ष्यांचं वेड असेल तर डिसेंबर-जानेवारीत बुंदला. हॉर्टन प्लेन्सला जीप सफारी नसते, पायी फिरायचं. सिंहराजाही पायीच, आणि जळवांची तयारी ठेवून. गल ओयाला बोटीतून सफारी होते, धरणाच्या पाण्यात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जाणारे हत्ती दिसू शकतात, पण तिथवर जायला वेळ काढावा लागतो.

एवढं सगळं सांगितलं तरी प्रश्न उरतोच, याला पार्क का नाही.

याला पार्क हे वाईट जंगल नाही, हे आधी लिहिते. मोठे मोठे काळे खडक, त्यांच्या पायथ्याला पाणी, एका बाजूला समुद्र. त्या बेटावर वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळं बिबट्याला लपून राहायची तेवढी गरज पडत नाही, दिवसाढवळ्या खडकावर येऊन बसतो. बिबट्या दिसण्याची शक्यता जगात सगळ्यात जास्त जिथं आहे अशा जागांत याला पार्क येतं. पण पार्क ९७९ चौरस किलोमीटरचं असलं तरी सगळे जातात ते त्याच्या एकाच भागात, ब्लॉक वनमध्ये, आणि तो १४१ चौरस किलोमीटर. त्यात सगळ्यांना सकाळच्या तीन-चार तासांत एकच जनावर बघायचंय.

आम्ही मेमध्ये गेलो होतो. मी, आई, अक्का, दाजी आणि त्यांची दोन पोरं. दाजींचं लातूरजवळ खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यांनी या ट्रिपसाठी बरेच दिवस पैसे बाजूला टाकले होते, आणि धाकट्या पोराला वाढदिवसाला कॅमेरा घेऊन दिला होता तो फक्त बिबट्यासाठी. याला पार्क मीच ठरवलं होतं. त्या वेळी मला कुणी दुसरं काही सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, बिबट्या नाही तर सफारी कसली असं माझं पक्कं मत होतं.

पहाटे अंधारात गेटपाशी रांग. सहाला गेट उघडलं. पहिला तास फार सुंदर गेला, रंगीत करकोचे, चितळ, पाण्यात बसलेल्या रानम्हशी, तारेवर बसावा तसा फांदीवर बसलेला वेडा राघू. आई प्रत्येक गोष्ट थांबून बघत होती. दाजी म्हणत होते, "हे तर आपल्याकडं बी हाय की." मग ड्रायव्हरचा फोन वाजला, त्यानं मागं वळून फक्त "लेपर्ड" म्हटलं आणि जीप पळवली. म्हणजे अशी पळवली की आई दोन्ही हातांनी दांडा धरून अर्धी उभी राहिली, बसलं की कंबर आदळत होती. समोरून, मागून जीपा, तांबडी धूळ, कुणाचं कुणाला दिसत नव्हतं.

पोचलो तेव्हा अरुंद रस्त्यावर जीपांची रांग लागलेली होती, काही ठिकाणी दोन-दोन शेजारी. मादी होती. डाव्या बाजूच्या झुडपात, आणि तिला उजवीकडं जायचं होतं. उजवीकडं खडक होता आणि तिथं पिल्लू आहे असं पुढच्या जीपमधला गाईड सांगत होता, मला काही पिल्लू दिसलं नाही. ती रस्त्याच्या कडेला आली, एक पाय पुढं टाकला, तेवढ्यात एका जीपनं नीट अँगल मिळावा म्हणून रिव्हर्स घेतला आणि ती मागं सरकली. परत आली, थोडी पुढं, दुसऱ्या फटीतून. कुणीतरी ओरडलं. परत मागं. मग ती खाली बसली आणि धापा टाकायला लागली, तोंड उघडं, आणि सगळीकडून कॅमेऱ्यांचा आवाज. माझ्याही हातात मोबाईल होता, व्हिडिओ चालू होता. तो अजून आहे माझ्याकडं. त्यात आईचा आवाज स्पष्ट येतो, "अगं तिला पलीकडं जायचंय ना. वाट द्या की तिला."

आई कुणाला उद्देशून बोलत होती कुणास ठाऊक. तिला इंग्रजी येत नाही, सिंहली येत नाही, पण ती मागच्या जीपकडं हात करून सांगत होती, सरका, सरका. कुणी बघितलंसुद्धा नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, काढ गाडी इथून, मागं घे. तो म्हणाला जागा नाही. मागची जीप थोडी हलली तशी मी परत म्हटलं आणि त्यानं काढली.

दाजी भडकले. "आम्ही काय फुकट आलाव का इथं? डॉलरमधी पैसे मोजलेत." धाकट्याचा एकही फोटो धड आला नव्हता, तो रडायला लागला. अक्का कुणाची बाजू घ्यावी म्हणून नुसती इकडून तिकडं बघत होती. आणि मी मागं वळून बघितलं तर आम्ही सोडलेल्या जागेत दुसरी जीप घुसली होती. लगेच. आम्ही निघाल्यानं तिला वाट मिळाली नाही. ती पलीकडं गेली का, मला माहीत नाही.

रात्री पार्कजवळच्या तिस्सा गावातल्या हॉटेलवर दाजी जेवायला खाली आलेच नाहीत. आजही ते बोलतात माझ्याशी, दिवाळीला येतात, पण ती सफारी निघाली की विषय बदलतात, आणि मी बँकेतून त्यांच्या दुकानाच्या कर्जाचं काही सांगायला फोन केला तरी आधी अक्काच फोन घेते. त्यांचं म्हणणं सरळ आहे, एक जीप निघाल्यानं बिबट्याचं काही भलं झालं नाही आणि पोराचं नुकसान मात्र झालं. यावर माझ्याकडं उत्तर नाहीये. मला तिथं बसवलं नाही, एवढंच आहे. आणि तरीही आज परत तसंच झालं तर मी परत गाडी काढायलाच सांगेन. पोराला वाईट वाटलं हे खरं, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून आईला तिथं तसं बसवून ठेवायचं हे मला पटत नाही.

ड्रायव्हरला कुणी शिव्या देऊ नका. त्याला टिप बिबट्यावर मिळते. दाखवला तर पर्यटक खूश, नाही दाखवला तर तोंड पाडून उतरतात, मग तो पळवणार नाही तर काय करणार. २०१९ चे बॉम्बस्फोट, मग कोरोना, मग २०२२ ला त्या देशात डिझेल मिळेना झालं, या माणसांनी फार काढलंय. म्हणून मी "याला पार्कला जाऊच नका" म्हटलं की आतून कुणीतरी म्हणतं, तू कोण सांगणारी, तुझा पगार महिन्याला येतो.

दुसऱ्या दिवशी उदावलवे. खरं तर आम्ही ते वाटेत आहे म्हणून ठेवलं होतं. तिथं उघडं गवताळ रान आहे, हत्ती वर्षभर दिसतात, लांबून दिसतात, कुणाला पळावं लागत नाही. धरणाच्या पाण्यात जुनी वाळलेली झाडं अजून उभी आहेत. गाईडनं सांगितलं की वलवे नदीवर धरण झालं, जंगल पाण्याखाली गेलं, तिथल्या जनावरांसाठी १९७२ साली हे पार्क केलं. मी आईला मराठीत सांगितलं. आईचं माहेर जायकवाडीत गेलंय. ती बराच वेळ त्या पाण्यातल्या झाडांकडं बघत होती, मग म्हणाली, "यांना एका जागी तरी ठेवलं. आमची भावकी कुठं कुठं पांगली." शेजारी हत्तींच्या अनाथ पिल्लांची जागा आहे, १९९५ पासूनची, पिल्लं मोठी झाली की परत जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी लांबून त्यांना दूध पिताना बघता येतं, हात लावता येत नाही. धाकटा तिथं हसला. दाजी जीपमधून उतरले नाहीत.

आता तुमच्यातल्याच एकानं मला जे ऐकवलं ते लिहिते, कारण ते मला लागलंय. "तुम्ही बघून आलात, व्हिडिओ आहे तुमच्याकडं, आणि आम्हाला नको म्हणता." खरंय. बिबट्या बघितलेल्या माणसाला हत्ती पुरे म्हणणं सोपं जातं. ट्रिपच्या आधीची मी समोर बसली तर हेच म्हणेल, आणि मी तिला काय सांगू? ती मादी किती देखणी होती हे मी विसरलेले नाही. ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. मला ते बघायला मिळालं याचा आनंद झाला होता, वाईट वाटायच्या आधी झाला होता, आणि दोन्ही एकाच मिनिटात होतं. कुणी म्हणतं बिबट्या बघायला लंकेला कशाला, आपल्या उसात आहे की. असं बोलू नका. २०२० ला आष्टी तालुक्यात माणसं गेलीत, त्या घरांना विचारा. उसातला बिबट्या आणि तिथला बिबट्या यांची तुलना मला करायची नाहीये.

म्हणून आता मी पूर्वीसारखं सरसकट नाही म्हणत नाही. पहिलं उत्तर महिन्याप्रमाणे वर दिलंय तेच. आणि तरी याला पार्कच करायचं असेल तर करा, पण बहुतेक वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते बंद असतं हे बघून तिकीट काढा, अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची जीप घ्या म्हणजे घाई कमी होते, आणि आदल्या रात्रीच ड्रायव्हरला भेटून सांगा की फोन आला तरी पळवायचं नाही, गर्दी असेल तर लांब थांबायचं, बिबट्या नाही दिसला तरी टिप पूर्ण मिळेल. टिपचं आधी सांगा. आणि सोबत दाजी, मेहुणे, पोरं जे कुणी असतील त्यांच्याशी हे सगळं निघायच्या आधी घरीच बोलून घ्या.