तीन बंदुका आणि एक सैल चोक

मल्टीगन नेमबाजी सुरू करणारे बरेच जण पहिल्यांदा विचारतात की कुठली रायफल घेऊ, कुठली शॉटगन घेऊ, स्कोप कितीचा लावू. मी त्यांना आधी एवढंच विचारते की आत्ता आहे ती बंदूक शेवटची कधी उघडून बघितलीस? कारण या खेळात रायफल, पिस्तूल आणि शॉटगन तिन्ही एकाच दिवशी आणि कधीकधी एकाच स्टेजमध्ये, म्हणजे मॅचच्या एकाच टप्प्यात, धड चालाव्या लागतात, आणि तिघींच्या खोडी वेगळ्या, एकीला जे तेल मानवतं त्याच तेलाने दुसरीचं मॅगझिन जाम होतं.

हे मला नीट कळलं ते एका मॅचच्या चौथ्या स्टेजला. शॉटगनने आधी बर्डशॉटवर, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसांवर, सहा प्लेट पाडायच्या आणि मग लांबच्या दोन टार्गेटना स्लग, म्हणजे एकच जड गोळी. प्लेट मारतानाच काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं, अगदी मध्यावर धरून मारूनही दोन पडल्या नाहीत, त्यांना परत मारावं लागलं, मग पहिला स्लग कुठे गेला तेच दिसलं नाही आणि दुसरा टार्गेटच्या फूटभर डावीकडे मातीत. मला वाटलं मीच घाई केली. बंदूक रिकामी दाखवून, आरओने (रेंज ऑफिसरने) रेंज क्लिअर म्हटल्यावर सेफ्टी एरियात नेऊन नळीच्या तोंडाला बोट लावलं तर चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारी तोंडातली आट्यांची नळी, चक्क बोटाने फिरला. दीड आटा बाहेर आला होता, आणि आट्यांमध्ये काळ्या काजळीचा आणि वितळलेल्या वॅडच्या (काडतुसातल्या छर्ऱ्यांमागच्या बुचाच्या) प्लास्टिकचा थर बसलेला. त्या अवस्थेत आणखी दहा-बारा काडतुसं मारली असती तर छर्रे आणि गॅस चोकच्या मागच्या फटीत घुसून चोक फाटला असता, नळीचं तोंडही फुगलं असतं. चूक पूर्ण माझी होती, आदल्या रात्री नळी चकाचक पुसली होती पण चोक काढून बघितलाच नव्हता.

तेव्हापासून चोक दर मॅचच्या आधी पूर्ण बाहेर काढते, आटे नायलॉनच्या ब्रशने घासते, आटे जाम होऊ न देणाऱ्या अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात देते, पान्याने घट्ट करते आणि चोक आणि नळी दोन्हीवरून जाईल अशी पेंटची एक बारीक रेघ ओढते. रेघ सरकली की चोक सरकला, लांबूनही दिसतं. हीच रेघ स्कोपच्या रिंगांच्या स्क्रूवर, रेड डॉटच्या (लाल ठिपक्याच्या साइटच्या) प्लेटवर, हँडगार्डच्या स्क्रूवर सगळीकडे. स्क्रू हाताच्या अंदाजाने पिळू नका, छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच पिळणारा पाना) घ्या आणि बनवणाऱ्याने जो आकडा दिलाय तेवढाच द्या. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) पुरतं, लाल लावलं तर पुढे गरम केल्याशिवाय निघत नाही.

शॉटगनबद्दल जरा जास्त बोलते कारण मॅचमध्ये सगळ्यात जास्त सेकंद तिथेच जातात. ट्यूबमध्ये आठ-नऊ काडतुसं मावतात आणि स्टेज मागते अठरा-वीस, म्हणजे पळता पळता भरायचंच. बेल्टवरून एका हाताने चार काडतुसं उचलून दोन-दोनच्या जोडीने ट्यूबमध्ये ढकलायची, याला क्वाड लोड म्हणतात, आणि हे फक्त घरी सराव करूनच येतं. डमी काडतुसं वापरा आणि ती खऱ्याइतकी जड असतील असं बघा, हलक्या डमीवर बसलेला हात खऱ्या काडतुसाला फसतो. सराव करताना त्या खोलीत एकही जिवंत गोळी नको, बंदूक दोनदा उघडून बघायची, मगच सुरुवात. सुरुवातीला टायमर नकोच, हात सावकाश आणि दर वेळी त्याच जागेवरून उचलतोय का एवढंच बघा. लोडिंग पोर्टची कड अंगठ्याला कापत असेल तर चांगल्या गनस्मिथकडून ती गोलसर करून घ्या, माझ्या मते कुठल्याही नव्या ऑप्टिकच्या आधी हा खर्च करावा.

आता तिची साफसफाई. गॅसवर चालणारी असेल तर पिस्टन आणि ट्यूबच्या बाहेरच्या अंगावर काजळी घट्ट बसते, ती काढली नाही की बोल्ट पूर्ण मागे जात नाही. इनर्शियावाली, म्हणजे झटक्याच्या जोरावर चालणारी, आतून बरीच स्वच्छ राहते, पण वर फार वजन लटकवलं तर हलक्या काडतुसांवर कुरकुर करायला लागते. दोन्हींच्या चेंबरला वेगळा जाड ब्रश लावा, नळीचा ब्रश तिथे पुरत नाही. स्वस्त काडतुसांचं बूड पुष्कळदा पितळेऐवजी पोलादी असतं, ते मळक्या चेंबरमध्ये चिकटून बसतं आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारी आकडी) नुसताच कड सोडून येतो. मॅगझिन ट्यूब, स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) कोरड्या फडक्याने पुसायचे, तेल अजिबात नाही, तेलात धूळ मिसळली की चिखल होतो आणि तो बरोबर तेव्हाच अडतो जेव्हा शेवटची दोन काडतुसं आत असतात.

रायफलचं उलट आहे. एआर प्रकारात (एआर-१५ सारख्या रायफलींत) गॅस थेट बोल्ट कॅरिअरमध्ये, म्हणजे बोल्ट धरून मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, येतो, त्यामुळे आत काळं होणारच, त्याला घाबरू नका. ती मळलेली चालते, कोरडी चालत नाही. कॅरिअर जिथे जिथे घासून चकचकीत झालाय तिथे, कॅम पिनवर आणि बोल्टच्या रिंगांवर तेल हवंच, आणि मॅच दिवसभर चालणार असेल तर मध्ये एकदा परत. गॅस रिंग तपासायची सोपी पद्धत आहे, बोल्ट कॅरिअरमधून पुढे ओढा आणि बोल्टच्या तोंडावर कॅरिअर टेबलावर उभा करा, स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदलायची वेळ झाली. गॅस कीचे (कॅरिअरवरच्या गॅस आत घेणाऱ्या नळीचे) दोन स्क्रू धातू ठोकून पक्के केलेले आहेत का ते एकदा बघा, ते सैल झाले तर गॅस गळतो आणि रायफल एक-एक गोळी झाडून थांबायला लागते, आणि माणूस उगाच मॅगझिनला दोष देत बसतो. बोल्टच्या दातांना भिंगाखाली बघायचं, मुळाशी केसाएवढी चीर दिसली तर बोल्ट त्याच दिवशी बाजूला.

झिरो, म्हणजे ठराविक अंतरावर निशाणा आणि गोळी जुळवणं, त्याबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. पॉइंट २२३ ची रायफल ५० यार्डावर झिरो केली तर तिची गोळी साधारण २०० यार्डाच्या आसपास परत त्याच रेषेत येते, म्हणून हा झिरो इतका लोकप्रिय आहे. पण स्कोप नळीच्या वर अडीच इंच बसलेला असतो, त्यामुळे ५-७ यार्डावरच्या टार्गेटवर गोळी निशाण्याच्या दोन-अडीच इंच खाली लागते. मोठ्या टार्गेटला फरक पडत नाही, पण अर्धं टार्गेट नो-शूटने (ज्याला गोळी लागू द्यायची नाही अशा टार्गेटने) झाकलेलं असलं की तेवढ्यावरच पेनल्टी बसते. हे जवळच्या अंतरावर कागदावर स्वतः मारून बघा, आणि गोळीचा प्रकार बदलला की झिरो परत बघा.

पिस्तुलाच्या बाबतीत माझं म्हणणं थोडक्यात, पिस्तूल बिघडत नाही, मॅगझिन बिघडतं. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका. अडकलं की नंबर लिहून ठेवा, तोच नंबर दोनदा आला तर ते मॅगझिन सरावाच्या पिशवीत. मातीत पडलेलं मॅगझिन स्टेज संपल्यावर लगेच उघडा, ब्रश आरपार फिरवा, कोरडंच परत जोडा. रेड डॉटची बॅटरी, बऱ्याच जणांची सीआर २०३२ असते, संपायची वाट बघू नका, वर्षातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी बदला. रिकॉइल स्प्रिंगही तशीच, किती गोळ्या झाल्या ते लिहिलेलं असेल तर अंदाज लावत बसावं लागत नाही.

गोळ्या मॅचच्या आधीच्या रात्री एकेक करून केस गेजमध्ये (गोळीचं माप तपासायच्या साच्यात) टाकून बघायच्या आणि बुडावरून बोट फिरवायचं, प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) वर आलेला असेल तर बोटाला लागतो. रायफलच्या गोळ्यांच्या टोकाला चुंबक लावा, चिकटल्या तर बऱ्याच रेंजवर स्टीलच्या टार्गेटसाठी त्या चालत नाहीत. आणि स्टेजवर एखादी गोळी फुस्स वाजली, झटका कमी जाणवला, तर थांबा. ट्रिगर परत दाबायचा नाही, गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळली तर नळी फुटते. स्टेज गेली तर जाऊ दे.

सुरक्षेचे नियम, म्हणजे १८० डिग्रीची रेषा (नळी तिच्यामागे वळवायची नाही), पळताना ट्रिगरच्या बाहेर बोट, लांब बंदुकांना चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी पट्टी), हे सगळे पहिल्या दिवशीच शिकवतात. पण बंदूक ड्रमात सोडून पुढची उचलायची असते तिथे लोक चुकतात. बंदूक कुठल्या अवस्थेत सोडायची ते त्या मॅचच्या नियमात वाचा, सहसा सेफ्टी लावलेली किंवा पूर्ण रिकामी, नाहीतर थेट डीक्यू, म्हणजे मॅचमधून बाद. म्हणून सेफ्टीचा खटका स्वच्छ आणि खटकन बसणारा असणं हासुद्धा देखभालीचाच भाग आहे, तिथे कचरा साठला की अंगठ्याला वाटतं लागली आणि ती अर्धवटच असते. ड्रमातून बंदूक परत हातात आली की रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट उघडा ठेवून नळी आतून बघा, तळाला टाकलेल्या फोमचा किंवा गालिच्याचा तुकडा कधीकधी तोंडात अडकलेला सापडतो. मला एकदा सापडलाय.

रेंजवरून परतल्यावर काहीही खाण्याआधी गार पाणी आणि साबण, प्रायमरच्या धुरातलं शिसं हातावर बसतं, साफसफाईच्या फडक्यांवरही तेच. रेंजचे कपडे वेगळे धुते.

बंदुका मी त्याच रात्री उघडते, कितीही दमले तरी. नळी दर वेळी घासत नाही, गरज नसते, आणि तोंडाकडून चुकीचा रॉड घातला तर नळीची कड खराब होते, म्हणून शक्य तिथे मागूनच. पण चोक, स्क्रूच्या रेघा, मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर एवढं बघितल्याशिवाय झोपत नाही. मग वही. कालच्या पानावर लिहिलंय: शॉटगन, चोकची रेघ जागेवर. पिस्तूल, मॅगझिन ४ परत अडकलं, बाहेर. रायफल, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग बदलली, मॅचच्या आधी ५० यार्डावर झिरो बघायचा.