पंखे आत की बाहेर?

2017 सालचा फेब्रुवारी, गुरुवार. तेव्हा दुबईत सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची, त्यामुळे गुरुवारी दुपारनंतर आमच्या बोट दुरुस्तीच्या यार्डात जी बोट येणार ती "कल सुबह चाहिए" वालीच असणार हे आम्ही धरूनच चालायचो. तशीच ही आली. छत्तीस फुटी व्ही-बॉटम, म्हणजे तळ व्ही आकाराचा, मागं दोन बिग ब्लॉक व्ही-8 इंजिनं आणि दोन ब्राव्हो वन ड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा (प्रोपेलर) धरणारा पाय बोटीच्या मागं बाहेर. अरबाब, म्हणजे मालक, पंचविशीतला पोरगा, स्वभावाने चांगला पण मित्राचं ऐकून आलेला. मित्राकडे कॅटॅमरान, म्हणजे दोन तळांची बोट, आम्ही कॅट म्हणतो. तिचे पंखे आत फिरतात म्हणून ती पळते, तर माझेपण अंदर घुमाओ.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीच्या मागं उभं राहून पुढं बघायचं. उजवा पंखा घड्याळासारखा आणि डावा उलटा, म्हणजे वरची पाती बाहेरच्या बाजूला पडतात, हे झालं "बाहेर". दोन इंजिनच्या बहुतेक बोटी अशाच येतात. दोन्ही उलटे केले की "आत". दोघं एकाच दिशेने फिरले तर बोट एका अंगावर कलते आणि स्टिअरिंग एकीकडे ओढतं, म्हणून एकमेकांच्या उलट तर ठेवावेच लागतात. प्रश्न फक्त आत की बाहेर एवढाच. आणि त्याचं उत्तर हलवर, म्हणजे बोटीच्या तळाच्या आकारावर अवलंबून असतं, मित्राच्या बोटीवर नाही, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. इथल्या पोरांनी लहानपणापासून दुबईच्याच व्हिक्टरी टीमच्या रेसिंग कॅट बघितलेल्या, त्यांना कॅट जे करते ते सगळं बरोबरच वाटतं.

काम तसं अवघड नाही. ब्राव्होची ही मजा आहे, गिअर धरणारा क्लच शंकूच्या आकाराचा (कोन क्लच) असल्यामुळे तो दोन्ही दिशांना सारख्याच ताकदीने चालतो. बऱ्याच आउटबोर्डांना, म्हणजे मागं बाहेर टांगलेल्या इंजिनांना, उलट्या दिशेसाठी गिअरकेसच (पंख्याजवळचा गिअरचा डबा) वेगळी लागते, साध्या गिअरकेसला रिव्हर्समधे फुल थ्रॉटल दिवसभर चालवलं तर बेअरिंगची वाट लागते, तिथं रिव्हर्स फक्त धक्क्यापुरता. इथं मात्र कंट्रोलमधे शिफ्ट केबलची जोडणी बदलायची, डावा पंखा उजवीकडे उजवा डावीकडे, झालं. पंखा चढवायच्या आधी गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, कारण दोन्हींचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) सारखेच, चुकीचा पंखा बिनबोभाट बसतो आणि मग पाण्यात पुढचा गिअर टाकला की बोट मागं. रत्नागिरीचा एक पोरगा हेल्पर होता, त्याने एका बाजूची केबल बदलली आणि दुसरी विसरला, शाफ्ट फिरवताना पकडलं. "दादा, सॉरी" म्हणाला. म्हटलं सॉरी समुद्राला सांग.

अंधार पडायच्या आत टेस्टला गेलो. जीपीएसवर दोन्ही दिशांना रन, वारा आणि करंट वजा व्हावा म्हणून. सकाळी अरबाबने स्वतः घेतलेला आकडा ताशी 71 मैल, आता 73. पोरगा खूश. मी तितका नव्हतो. साठच्या वर बोट हातात हलकी लागत होती, आणि टाय बारमधून, म्हणजे दोन्ही ड्राइव्हना जोडणाऱ्या दांड्यातून, खट् खट् आवाज. तो कळायला जरा वेळ लागला. ड्राइव्ह उंच बसवलेले असतात तेव्हा पंख्याचं खालचं पातं वरच्यापेक्षा जास्त पाणी धरतं, मग प्रत्येक पंखा आपल्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे एका बाजूला सरकायला बघतो. बाहेर फिरत असताना दोघं एकमेकांपासून लांब ओढतात, बार ताणलेला राहतो. आत केले की दोघं एकमेकांवर रेलतात, बार दाबला जातो आणि जॉइंटमधली इतके दिवस लपलेली ढिलाई बोलायला लागते. म्हटलं उद्या जॉइंट बदलू, टो (दोन्ही ड्राइव्ह एकमेकांना किती समांतर ते) परत मोजू, आज किनारा सोडून लांब जाऊ नका.

खरी गंमत मरीनात झाली. शमाल, इथला वायव्येचा वारा, सुटलेला. आमच्या गल्लीत दोन्हीकडे यॉट, मधे वळायला जेमतेम बोटीएवढी जागा. अरबाबने सवयीप्रमाणे नाळ (बोटीचं पुढचं टोक) डावीकडे फिरवायला उजवा गिअर पुढं, डावा मागं टाकला. एरवी ही बोट एवढ्यावर जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरायची. फिरेचना. थोडी हलली, थांबली, आणि वाऱ्याने अख्खी आडवी सरकायला लागली शेजारच्या यॉटच्या स्विम प्लॅटफॉर्मवर. त्याने घाबरून अजून थ्रॉटल दिला, आवाज वाढला, वळण काही वाढलं नाही. मी फेंडर (धक्का झेलणारी रबरी उशी) घेऊन पळत मागं गेलो, गुडघा रेलिंगवर आपटला तो अजून थंडीत दुखतो, आणि ओरडलो, दोनो न्यूट्रल, सिर्फ एक गिअर, स्टिअरिंग पूरा मारो! स्टर्नड्राइव्ह असल्यामुळे अख्खा पंखाच वळतो, त्याने वाचलो. फेंडर दाबला गेला आणि यॉटवाल्याच्या खलाशाने मल्याळममधे आमचा उद्धार केला, एवढ्यावर निभावलं.

कारण मला त्याच क्षणी कळलं आणि लाज वाटली, कारण हे मला शाळेत असल्यापासून माहीत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बाबांची बोट एका पंख्याची. रिव्हर्स टाकला की पिछाडी ठरलेल्या एकाच बाजूला जायची, आणि बाबा ते धरूनच धक्क्याला लावायचे, सुकाणूला हात न लावता. दोन पंखे बाहेर फिरत असले की एक पुढच्या आणि एक मागच्या गिअरमधे टाकला तरी दोघांची ही बाजूची ओढ पिछाडीला तुम्हाला हवं तिकडेच नेते. आत केले की दोघंही नेमके उलट ओढतात. त्यात दोन ड्राइव्ह एकमेकांना खेटून, पुढं-मागंच्या जोराला अंतरच नाही, आणि जास्त पिचचे (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारे) स्पीडचे पंखे रिव्हर्समधे आधीच निकामी. गिअर फिरवायला बघतोय, पंखा अडवतोय. टेस्टला मी वरचा आकडा बघितला, धक्क्यावर एकदाही फिरवून बघितली नाही. चूक माझी.

रात्री साडेअकराला बोट परत पाण्याबाहेर उचलली. केबल, पंखे, सगळं उलट, टाय बारचे जॉइंट नवे. शाफ्ट या वेळी हेल्परने स्वतःहून दोनदा फिरवून दाखवला. अरबाब खुर्ची टाकून बसलेला, कॉफी पीत. निघताना विचारलं, दो मैल गया? म्हटलं गया. थोडा विचार केला आणि म्हणाला, मग पिच वाढवून बघू, अगले गुरुवार आता हूं.

आला. संध्याकाळी पाचला.