मागचा दीड मीटर

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतल्यापासून ओळखीचे सगळे एकच विचारतात: ताई, एवढी मोठी गाडी तुम्ही चालवता कशी? लायसन्सचं म्हणाल तर माल-माणसांसकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की गाडी कायद्याने हलकी मोटारच, त्यामुळे माझं कारचंच लायसन्स चालतं. हाताला मात्र वेळ लागतो. सवय करून घ्यावी लागते ती मागच्या चाकांच्याही मागे उरणाऱ्या दीड मीटरची.

शेजारचे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. ते मला इथे नागपुरात मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले आणि रंगाचे रिकामे डबे मांडले. डावीकडे वळताना मागचं डावं चाक आतून कापत येतं, म्हणून गाडी आधी बरीच पुढे न्यायची आणि मग वळवायची. पण तेव्हाच मागचं टोक उजवीकडे बाहेर येतं, अन् तिथे नेमका स्कूटीवाला असतो! "ताई, समोरचं तर दिसतेच नं. मांगचं पाहा," काका डब्यापाशी उभे राहून सांगायचे. डबा हलला नाही तरी खाली उतरून किती बोटं जागा उरली ते पाहायचं, हा त्यांचा नियम. नवीन माणसाला मी आजही हेच सांगते.

छतावरचा एसी धरून गाडीची उंची दहा फूट. तो आकडा समोरच्या काचेच्या वर चिकटवलाय. सीताबर्डीच्या कमी उंचीच्या लोहापुलाच्या वाटेला मी जात नाही, महाल-इतवारीच्या गल्ल्यांतही नाही. गणपतीत कमानी आणि खाली आलेल्या केबलच्या तारा बघूनच रस्ता ठरवते. वर्धा रोडचा डबलडेकर पूल मात्र मला फार आवडतो. खाली हायवे, मध्ये आपण, डोक्यावर मेट्रो, आणि ३.१४ किलोमीटर एकही वळण घ्यायचं नाही.

पाण्याचं कोणी सांगत नाही. टाकी अर्धी असली की ब्रेक दाबल्यावर आतलं पाणी पुढे आदळतं आणि गाडीला मागून ढकलल्यासारखं होतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. म्हणून निघताना टाकी काठोकाठ, नाहीतर रिकामी.

समृद्धीवर कार १२० ने जाऊ शकतात, मी ८० सोडत नाही. मोठा ट्रक बाजूने गेला की वारा आधी बाहेर लोटतो, मग आत ओढतो. अशा वेळी स्टिअरिंग आवळायचं नाही, नुसतं स्थिर धरायचं. मे महिन्यात टायरची हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासते. टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडेही बघून ठेवा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आता पचमढीचं ठरतंय, सावनेर-सौंसरवरून. सिल्लेवानी घाट उतरताना दुसरा गिअर, आणि ब्रेक फक्त वळणाआधी, असं काकांनी बजावलंय. ते स्वतः शेजारच्या सीटवर असणार आहेत. काकूही येतायत, त्यांची खिडकी ठरलीसुद्धा.