ट्रॉलीपासून चेसिसपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात चिमूर तालुक्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि वखर-डवऱ्यांच्या वेल्डिंगने झाली. तेव्हा रंगकाम म्हणजे वायर ब्रश फिरवून रेडऑक्साइडचा एक हात द्यायचा आणि वर इनॅमल मारायचे, एवढेच असे. शेतीच्या अवजारांना ते पुरतही असे. ताडोबाच्या कोलारा गेटवरच्या सफारी जिप्स्या दुरुस्तीसाठी येऊ लागल्यावर मात्र कामाचे स्वरूपच बदलले. जिप्सीच्या चेसिसचे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचे, लांब बीम चौकोनी आणि आतून पोकळ असल्यामुळे जंगलातील चिखल त्यांच्यात साचतो, आणि आपली काळी माती वरून वाळलेली दिसली तरी आत ओल धरून ठेवते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी चेसिस आतून खाल्ली जाते. २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ही गाडी बंद झाल्यानंतर जुनी चेसिस वाचवणे हाच मालकांपुढे मार्ग उरला, आणि आमचा खरा व्यवसाय तिथून उभा राहिला.

या कामात रंगापेक्षा तयारीलाच अधिक वेळ जातो, हे ग्राहकाला पटवणे आजही सर्वांत कठीण आहे. चेसिस उघडी केल्यावर आम्ही प्रथम ग्रीस आणि तेल पूर्ण धुऊन काढतो, कारण ते तसेच ठेवून ब्लास्टिंग केले, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा करून गंज काढला, तर तेल पत्र्याच्या खरबरीत पृष्ठभागात आणखी ठोकले जाते. त्या माऱ्यासाठी नदीची वाळू आम्ही वापरत नाही. तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो, म्हणून कॉपर स्लॅग, म्हणजे तांबे गाळताना उरणारी मळी, आणतो आणि तरीही कामगाराला बाहेरून हवा पुरवणारे हेल्मेट देतो. लोखंड एसए २.५ या दर्जापर्यंत, म्हणजे जवळजवळ पांढरे दिसेपर्यंत स्वच्छ झाले, की त्याला उघड्या हाताने कोणी शिवायचे नाही, कारण घामातील क्षारामुळे बोटांच्या ठशावरच गंज धरतो. चेसिस नंबरवर ब्लास्टिंगपूर्वीच जाड पट्टी चिकटवलेली असते. आरटीओच्या तपासणीत तो अंक न् अंक वाचता आला पाहिजे.

खरी अडचण हंगामाची आहे. ताडोबाचे कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, त्यामुळे गाड्या आमच्याकडे नेमक्या भर पावसात मोकळ्या होतात. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश अधिक असल्याशिवाय प्राइमर (रंगाचा पहिला थर) मारू नये, असा नियम आहे. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या वर जातो, म्हणजे त्या दिवशी रंगाची गन हाती घ्यायची नाही. गॅसची शेगडी लावून शेड तापवण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण गॅस जळताना पाण्याची वाफच तयार होते, म्हणून आम्ही बंद खोली बांधली आणि तिच्यात विजेचे हीटर व हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र बसवले. वीज गेली की काम थांबते, आणि ब्लास्ट केलेला पत्रा काही तासांतच तांबूस होऊ लागला तर ब्लास्टिंग पुन्हा करावे लागते. तो खर्च आम्ही ग्राहकाच्या बिलात घालत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट घडते : मे महिन्यात दुपारी रंगाचे थेंब पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात, म्हणून तेव्हा पहाटेच फवारणी करतो.

प्रथम जस्तयुक्त इपॉक्सी प्राइमर, मग इपॉक्सीचा जाड थर आणि वर पॉलियुरेथेन, असा आमचा क्रम आहे. फवारणीपूर्वी वेल्डिंगचे सांधे आणि कडा ब्रशने वेगळ्या रंगवतो, कारण तिथे रंग पातळ बसतो. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पूड तापवून बसवलेला थर, दिसायला सुरेख असते, पण दगड लागून टवका उडाला की पाणी त्याच्या खाली सरकत जाते, म्हणून जंगलातील गाडीसाठी मी ते सुचवत नाही. शेवटी बीमच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारून पाणी निघण्याची छिद्रे मोकळी करून देतो. ही छिद्रे मालकाने दर पावसाळ्यात काडी घालून साफ करावीत, असे बिलावरच छापलेले आहे.

चेसिसला नुसता वरवरचा काळा रंग मारून द्या म्हणून येणाऱ्यांना आम्ही आजही परत पाठवतो. ट्रॉल्यांचे काम मात्र रेडऑक्साइडमध्येच सुरू आहे.