पर्गोला उडून शेजारच्या वाडीत गेला तेव्हा

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, अलिबाग तालुक्यात, गेट ग्रील शेड आणि गेली काही वर्षं बंगलेवाल्यांमुळे पर्गोला भरपूर, म्हणजे अंगणात खांबांवर उभा केलेला सावलीचा सांगाडा. 18 मे 2021 ची सकाळ, आदल्या दिवशी तौक्ते वादळ समुद्रातून गुजरातकडे गेलं होतं, लाईट नव्हती, फोनला रेंज येऊन जाऊन, आणि त्यात नागावच्या एका काकांचा फोन आला की अहो दादा आमचा पर्गोला गेला. गेला म्हणजे? तर म्हणे शेजारच्या वाडीत पोफळींवर बसलाय.

जाऊन बघितलं तर खरंच. बारा बाय चौदा फुटांचा सांगाडा, चारही खांबांसकट, जवळजवळ अख्खा, कुंपणापलीकडे दोन पोफळींना टेकून तिरका उभा. माणूस खाली नव्हता हे नशीब, संध्याकाळी काका-काकू रोज तिथेच चहा घेत बसतात.

हा पर्गोला मी केलेला नव्हता, कोणी केला ते इथे महत्त्वाचंही नाही. तो का केला होता ते मात्र सांगतो. त्यांच्या अंगणात मोठं बदामाचं झाड होतं, ते 3 जून 2020 ला निसर्ग वादळात मुळासकट पडलं, दुपारची सावली गेली, घर तापायला लागलं म्हणून दिवाळीनंतर हा पर्गोला. म्हणजे एका वादळाने झाड नेलं आणि वर्ष व्हायच्या आत दुसऱ्याने पर्गोला नेला. काकू बोलत नव्हत्या, नुसत्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

मी आधी खांब जिथे होते तिथे गेलो. खांबाच्या बेसप्लेटला चार-चार अँकर बोल्ट, आणि ते बोल्ट ठोकले होते कुठे तर फरशीखालच्या तीन इंच कोब्यात, म्हणजे काँक्रीटच्या पातळ थरात! बोल्ट वाकले नव्हते, तुटले नव्हते, कोब्याचे तुकडे घेऊन सरळ वर आले होते. मग वरचं छप्पर बघितलं. दहा एमएमचं पोकळ पॉलीकार्बोनेट, त्याच्या नळ्या उताराच्या दिशेने पाहिजेत त्या आडव्या टाकलेल्या, आत पाणी साचून शेवाळ धरलेलं. उन्हापासून शीट वाचवणाऱ्या यूव्ही कोटिंगची बाजू वर पाहिजे ती खाली. आणि भोकं स्क्रूच्या बरोबर मापाची, म्हणजे शीटला हलायला जागाच नाही. हे प्लास्टिक उन्हाने किती वाढतं बघा, तीन मीटरची शीट चाळीस डिग्रीच्या फरकाला जवळजवळ आठ मिलीमीटर लांब होते, भोक मोठं ठेवून रबरी वॉशर टाकला नाही तर स्क्रूपासूनच तडा जातो. गेलेच होते तडे, सहा महिन्यात.

काकांनी तोवर निर्णय घेऊन टाकला होता. "आता काचच टाकू, जड असते, उडायचा प्रश्नच नाही." हे मला गिऱ्हाईक नेहमी म्हणतात, म्हणून पडवीत बसून कागदावर हिशोब करून दाखवला. सहा अधिक सहा एमएमची लॅमिनेटेड काच चौरस मीटरला तीस किलो, त्यांच्या मापाला साधारण पावणेपाचशे किलो, वर सांगाडा दोनशे, झाले पावणेसातशे. आता वारा. ताशी शंभर किलोमीटरचा झोत चौरस मीटरला सत्तेचाळीस किलोच्या आसपास जोर लावतो, म्हणजे सगळ्या छपरावर सव्वासातशेच्या पुढे. आणि मुंबईसाठी भारतीय मानकात जो वारा धरतात तो सेकंदाला 44 मीटर, ताशी 158 किलोमीटर, त्याला हाच आकडा अठराशे किलोवर जातो. त्यात यांचं अंगण पश्चिमेला, समुद्राकडून आलेला वारा छपराखाली शिरतो, समोर घराची भिंत, जायला वाट नाही, तो वर ढकलतो आणि छपराच्या वरून जाणारा वारा वर ओढतो. छप्पर पडेल का हे सगळे विचारतात, ते उडेल का हे कोणी विचारत नाही.

काका बराच वेळ कागद बघत होते, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. मग म्हणाले, "म्हणजे वजन वर नको, खाली पाहिजे." अगदी हेच! दोन बाय दोन फूट, अडीच फूट खोल असा एक खड्डा काँक्रीटने भरला की साधारण 680 किलो, असे चार म्हणजे पावणेतीन टन, आणि खांबाचे बोल्ट त्यात आधीच सोडून मग ओतायचं, नंतर ड्रिल मारून नाही.

छप्पर कसलं हा प्रश्न राहिलाच होता. गाडीत सॅम्पल होते, काकूंना म्हटलं उन्हात धरून बघा. पारदर्शक पॉलीकार्बोनेटखाली त्या मिनिटभर उभ्या राहिल्या आणि बाजूला झाल्या, "हे नुसतं तापतंय." बरोबर, ऊन सगळं आत येतं. पत्र्याला त्यांनीच नाही म्हटलं, पावसात त्या आवाजात बोलता येत नाही. मग त्या म्हणाल्या की आमच्या माहेरी चौलला मांडव असायचा, पोफळीच्या मेढी आणि वर नारळाचे झाप, आणि मृगाच्या आधी झाप उतरवायचे, पावसात अंगणात बसतंय कोण?

मी इतकी वर्षं बारा महिने टिकणारं छप्परच विकत आलो, आणि इथे दिवसाला शंभर-दीडशे मिलीमीटर पाऊस पडतो तेव्हा चारी बाजूंनी झड येते, पर्गोल्याखाली कोणी थांबत नाही हे मला माहीत होतं. सावली हवी असते ती दिवाळी ते मे. तेव्हा ठरलं ते असं: गॅल्व्हनाईज केलेला सांगाडा कायमचा, त्यावर तारेवर सरकणारी, 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट, वादळाचा इशारा आला की दोघं मिळून पंधरा मिनिटात उतरवतील, आणि दाराशी फक्त चार फुटांची पट्टी भरीव पॉलीकार्बोनेटची, साडेचार इंच उतार देऊन, म्हणजे पागोळ्या उंबऱ्यावर पडणार नाहीत. मधुमालती पाहिजे होती काकूंना, ती एकाच खांबावर, कारण दाट वेल म्हणजे वाऱ्याला शीडच, पावसाआधी छाटायची. खर्च काचेच्या निम्म्याहून कमी झाला, तो माझा धंदा कमी झाला, पण मला ते काम आजही सगळ्यात जास्त आवडतं.

निघताना ते कोब्यासकट उपटलेले बोल्ट मी पिशवीत घेतले. गाडी चालवताना डोक्यात एकच, 2016 मध्ये नवीन असताना आक्षीला मी एक पर्गोला केलाय, तोही फरशीवरच, असेच बोल्ट मारून. गाडी बाजूला घेतली आणि त्यांना फोन लावला, उभाय म्हणाले, काही झालं नाही. म्हटलं आज त्याच्याखाली बसू नका. दुसऱ्या दिवशी ब्रेकर आणि दोन पोरं घेऊन गेलो, चारही खांबांचे खड्डे मारले, पैसे घेतले नाहीत.